बिलिंबीचा रस

शलाका : ते तू परीक्षेसाठी विचारलं नव्हतंस.

शिवलीला : कुठलं मॅडम?

शलाका : फोनवर जे विचारलंस. बिलिंबीत ऑक्झलेट किती असतं. मी काही बोलायच्या आत ठेवून दिलास, आणि नंतर माझा फोन उचलला नाहीस. म्हणून आले.

शिवलीला : जयनगरहून एवढ्या लांब? होसूर रोडच्या त्या ट्रॅफिकात? कशाला त्रास घेतला मॅडम. इथं पंख्याखाली बसा. अण्णाला आत डायलिसिसला घेतलंय. थोड्या वेळानं वॉर्डात आणतील.

शलाका : वर्गातल्या मुली म्हणाल्या, भाऊ फॅक्टरीत काहीतरी विषारी प्यायला.

शिवलीला : कूलंट. मशीन गार राहायला घालतात ते. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं, अण्णा पाणी समजून प्यायला. असं सगळे म्हणतात.

शलाका : सगळे म्हणतात. आणि तुझा भाऊ काय म्हणतो?

शिवलीला : नागराज अण्णा म्हणतो, मी प्यायलोच नाही. पण त्याचं कोण ऐकतंय? बाटली भरणारे देवाप्पा मामा त्याचे दोस्त. दोस्ताला वाचवायला खोटं बोलतोय, असं वाटतंय लोकांना. ते बघा, जिन्यापाशी मान खाली घालून बसलेत, तेच. कंपनीनं घरी बसवलंय त्यांना. चौकशी लागलीय.

शलाका : डॉक्टर काय म्हणतात?

शिवलीला : लघवी बंद झाली म्हणून आणलं होतं. उलट्या, कमरेत कळा. मग किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, तर आत ऑक्झलेटचे खडे. डॉक्टरांनी विचारलं, हा कामाला कुठं आहे? कंपनीत कूलंट वापरतात म्हणून कळलं, आणि ती बाटली पण सापडली. कूलंट पोटात गेलं की असेच खडे होतात म्हणे.

शलाका : होतात. आणखी कशाने होतात, ते तुझ्या डोक्यात आलं म्हणून तू मला फोन केलास.

शिवलीला : मॅडम, चहा आणू तुम्हाला? खाली कँटीन आहे.

शलाका : शिवलीला, माझ्याकडे बघ. नागराज बिलिंबी खात होता का?

शिवलीला : खात नव्हता.

शलाका : मग?

शिवलीला : पीत होता. मी देत होतो.

शलाका : रस?

शिवलीला : घरमालकीण कस्तुरीअक्कांच्या परसात झाड आहे. मी वर्गात सांगितलं होतं की. काकडीच्या पिल्लांसारखी फळं, फांदीला नाही, सरळ खोडालाच घोस लागतात. तुम्ही म्हणाला होता, खोडावर फुलणारं झाड एवढ्या जवळनं बघायला मिळालं, नशीबवान आहेस.

शलाका : किती द्यायचीस?

शिवलीला : आधी कपात तळाला. मग अर्धा कप. मग स्टीलचा मोठा पेला भरून.

शलाका : पाणी घालून?

शिवलीला : पाणी घातलं तर गुण कमी होईल वाटलं. नुसताच. सकाळी, पोटात काही नसताना.

शलाका : अगं देवा.

शिवलीला : अण्णाला शुगर निघाली होती. गोळ्या घेतल्या की पोट फुगतं, म्हणून सोडून द्यायचा. रस सुरू केल्यावर मशीनवर बघितलं तर शुगर उतरली, मॅडम. खरंच उतरली. मला केवढा आनंद झाला. म्हणून तर वाढवत गेलो.

शलाका : तो निमूट प्यायचा?

शिवलीला : नको नको म्हणायचा. दात आंबतात म्हणायचा, भाकरी चावता येत नाही. मी म्हणालो, फार्मसी तू शिकतोस का मी? मग डोळे मिटून प्यायचा. रिकामा पेला उलटा करून दाखवायचा मला, बघ, संपवला म्हणून.

शलाका : डॉक्टरांना सांगितलंस?

शिवलीला : नाही.

शलाका : त्यांनी विचारलं तर असेल.

शिवलीला : पहिल्याच दिवशी विचारलं. गावठी काही देत होता का, झाडपाला, काढा? मी नाही म्हणालो. गावठी म्हणाले ना, तेच लागलं मला. मी काय अडाणी आहे का, कॉलेजात शिकतो मी. आणि खरं सांगू, तेव्हा त्या रसाचा संशयच नव्हता. औषध होतं ते. औषधावर कोण संशय घेतंय?

शलाका : आणि खडे ऑक्झलेटचे निघाले तेव्हा?

शिवलीला : तेव्हा आठवलं. आंबट फळ, ऑक्झलिक ॲसिड. पुस्तकात वाचलं होतं एका ओळीत. पण त्याच दिवशी कंपनीत ती बाटली सापडली. आणि मॅडम, मला बरं वाटलं.

शलाका : साहजिक आहे.

शिवलीला : साहजिक नाही. देवाप्पा मामा इथं येऊन ढसाढसा रडले, आणि त्यांना रडताना बघून मला आतनं बरं वाटत होतं. म्हणजे मी नाही, हे आहेत, असं. मी कसली माणूस आहे?

शलाका : ते नंतर बघू. आधी मला सांग, हा रस आणखी कोणी घेतंय का?

शिवलीला : नाही.

शलाका : नीट आठव. ज्यांच्या परसातलं झाड, त्यांना सांगितलं नव्हतंस?

शिवलीला : कस्तुरीअक्का! त्यांना पण शुगर आहे. मीच सांगितलं होतं, तुम्ही पण घेत जा म्हणून.

शलाका : फोन लाव.

शिवलीला : काय सांगू त्यांना?

शलाका : लाव आधी.

शिवलीला : हॅलो, अक्का? मी शिवलीला... होय, अण्णा आहे तसाच, आत नेलंय त्याला. अक्का, तुम्ही बिलिंबीचा रस घेता अजून?... नाही, चांगलाय म्हणून नाही विचारत. घेऊ नका... काय? कुणासाठी?... कुठं ठेवलाय?... अक्का, ओता तो. मोरीत ओता, आत्ता... होय, मीच सांगितलं होतं. माझंच चुकलं... तुम्ही ओता बघू आधी, मी धरतो फोन... सरी अक्का, बरं. सरी.

शलाका : काय झालं?

शिवलीला : त्या नाही घेत. एकदा घेतला, छातीत जळजळलं, सोडून दिला.

शलाका : सुटलो. मग कुणासाठी ठेवला होता?

शिवलीला : अण्णासाठी. झाडाला परत घोस लागलेत. नागराज घरी येईल, दवाखान्यात गळून गेला असेल, म्हणून काढून बाटलीत भरला आणि फ्रीजमध्ये ठेवला.

शलाका : म्हणजे घरी गेल्या गेल्या त्याला परत...

शिवलीला : बोलू नका मॅडम.

शलाका : नाही बोलत. पाणी पी थोडं.

शिवलीला : तुम्ही काळजी करू नका. तुमचं नाव मी कुठंच येऊ देणार नाही.

शलाका : माझं नाव?

शिवलीला : वर्गात मी त्या रसाबद्दल बोललो होतो ना, त्यावरनं. लोक शुगरवर, कोलेस्टेरॉलवर घेतात, असं मी सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. तोवर माझ्या बोलण्याला सगळे हसायचेच. त्या दिवशी घरी जाऊन अण्णाला सांगितलं, तर रात्रीचं जेवण सोडून गावाकडं आईला, अव्वाला फोन केला त्यानं. अव्वाचं, काकांचं म्हणणं होतं, पोरीला बारावी बास झाली. अण्णाच भांडला होता सगळ्यांशी.

शलाका : तुला टाळ्या मिळाल्या तेव्हा माझ्या मनात ऑक्झलेट आलं होतं.

शिवलीला : काय?

शलाका : आलं होतं. म्हटलं सांगावं, रस जास्त झाला तर किडनीला धोका असतो. मग वाटलं, बिचारी पहिल्यांदाच एवढी मोकळी बोलली आहे, कशाला तिच्या उत्साहावर विरजण घाला. विषारी वनस्पती पुढच्या सत्रात आहेतच, तेव्हा सांगू. आधी औषधी, मग विषारी. वर्षानुवर्षं तसंच शिकवते मी, जणू दोन वेगळ्या बागा आहेत.

शिवलीला : पण मी किती द्यायचं ते विचारलंच नाही तुम्हाला.

शलाका : विचारायला मी हवं होतं. किती, कुणाला, किती दिवस. एवढे प्रश्न मी तुला विचारले असते तरी पुष्कळ होतं. आणि एक सांगते, मनात ठेवायचं नाही म्हणून. तुझा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं माहितीये? माझ्या स्लाइड काढून बघितल्या. त्यात कुठे बिलिंबी घ्या असं लिहिलेलं नाही ना, ते तपासलं. नाही म्हटल्यावर हायसं वाटलं. मग गाडीची किल्ली घेतली.

शिवलीला : तुम्हाला पण बरं वाटलं?

शलाका : हो. मलाही.

शिवलीला : डॉक्टर मला हाकलून देतील.

शलाका : रागावतील. रागावू देत. मी येऊ आत?

शिवलीला : नको. तुम्ही बोलाल आणि मी मान हलवीन. तसं नको.

शलाका : सगळं सांग. कधीपासून, किती, शेवटचा कधी दिलास. आणि मी वर्गात काय केलं तेही सांग, वाटलं तर.

शिवलीला : अण्णाला पण आजच सांगू?

शलाका : तुला काय वाटतं?

शिवलीला : रोज विचारतो तो मला, देवाप्पाचं काय झालं म्हणून.

(शिवलीला डॉक्टरांच्या खोलीत जाते. जिन्यापाशी बसलेला देवाप्पा उठून शलाकाच्या बाकापाशी येतो.)

देवाप्पा : नमस्कार मॅडम. तुम्ही तिच्या कॉलेजच्या ना? लांबनं बघितलो, पोरगी रडत होती. नागराजचं काही वाईट तर नाही?

शलाका : नाही, तसं काही नाही. तुम्ही देवाप्पा.

देवाप्पा : सांगितलं तिनं माझं?

शलाका : सांगितलं. बसा ना.

देवाप्पा : नको, उभा बरा आहे. आत डॉक्टरांकडं कशाला गेली ती? काय नवीन निघालं काय?

शलाका : ती येईल आणि सांगेल तुम्हाला. तिलाच सांगू दे.

देवाप्पा : सरी. एक विचारू? तुम्ही शिकलेल्या. शहाळं आणलं होतं मी, सिस्टर म्हणाली, किडनीच्या पेशंटला चालत नाही. शहाळं पण चालत नाही?

शलाका : आत्ता नाही. त्यात पोटॅशियम असतं, किडनी बंद असली की ते रक्तात साठतं आणि हृदयाला त्रास होतो.

देवाप्पा : बघा. म्हणजे आणखी एक विष आणलो होतो मी.

शलाका : असं म्हणू नका.

देवाप्पा : मग काय म्हणू? कॅन फुटका होता, कूलंट गळत होतं. समोर पाण्याची रिकामी बाटली दिसली, भरून ठेवली. वर चिठ्ठी लावतो म्हटलं, तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर बोलावलं. विसरलो. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली मॅडम, नवीन पोरांना मीच शिकवतो, पाण्याच्या बाटलीत काही भरायचं नाही म्हणून.

शलाका : नागराज म्हणतो, तो प्यायलाच नाही.

देवाप्पा : तो म्हणणारच. नागराज मला कधी अडचणीत आणेल? चौकशीत साहेबांनी विचारलं, तुला मान्य आहे? मी म्हणालो, मान्य आहे. बाटली माझी, मान्य आहे. बायको म्हणाली, कबूल कशाला केलास? मी म्हणालो, पोरगं तिकडं मशीनला लावलंय, आणि मी काय नाही म्हणू?

शलाका : तुम्ही रोज येता इथे?

देवाप्पा : घरी बसून काय करू? पण आत जात नाही. त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं धाडस होत नाही. इथंच बसतो जिन्यापाशी. ती पोरगी मात्र देवमाणूस आहे मॅडम. तिच्या भावाला मी या दशेला आणलो, आणि ती रोज मला चहा आणून देती. एक वाकडा शब्द नाही. मी तिला तंगेव्वा म्हणतो, आमच्याकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. पहिल्यांदा चहा दिला तेव्हा वाटलं, हिनं मला माफ केलं. त्या चहावर जगलोय म्हणा ना.

शलाका : देवाप्पा, बसा जरा. खरंच बसा.

देवाप्पा : आली बघा. काय म्हणाले गं डॉक्टर, तंगेव्वा?

शिवलीला : मामा, तुमच्याशी बोलायचंय.

देवाप्पा : बोल की.

शिवलीला : अण्णानं कूलंट प्यायलं नाही.

देवाप्पा : तू पण तसंच म्हणायला लागलीस?

शिवलीला : खरंच नाही प्यायला. त्याला मी बिलिंबीचा रस देत होतो, शुगरसाठी. पेला पेला भरून. त्यानं किडनीत खडे झाले. कूलंटनं होतात तसेच होतात, म्हणून डॉक्टर फसले. डॉक्टर नाही फसले, मी फसवलं त्यांना. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो.

देवाप्पा : हिरवट रस? आंबट?

शिवलीला : तुम्हाला माहीत होतं?

देवाप्पा : सांगायचा तो. डबा खाताना दात शिवशिवायचे त्याचे. म्हणायचा, बहीण औषधांचं शिकती, काहीतरी हिरवं पाजती, माझी शुगर पळून गेली. फॅक्टरीत सगळ्यांना सांगत फिरायचा.

शिवलीला : तेच ते.

देवाप्पा : मग ती बाटली?

शिवलीला : बाटली नुसतीच होती तिथं. कोणी प्यायलं नाही.

देवाप्पा : कोणीच नाही?

शिवलीला : नाही मामा. तुमच्यामुळं काही झालेलं नाही.

देवाप्पा : तुला हे कधी कळलं?

शिवलीला : खडे निघाले त्याच दिवशी मनात आलं.

देवाप्पा : म्हणजे मी इथं येऊन रडलो, त्या दिवशी.

शिवलीला : होय.

देवाप्पा : आणि दुसऱ्या दिवसापासून चहा आणायला लागलीस.

शिवलीला : मामा...

देवाप्पा : रोज आणलास. साखर कमी आहे का जास्त, विचारलंस. माझ्यासमोर उभी राहून, कप रिकामा होईपर्यंत. आणि बोलली नाहीस.

शिवलीला : चहा दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं मला.

देवाप्पा : तुला बरं वाटायचं. मला वाटलं, तू मला माफ करालीस. घरी जाऊन बायकोला सांगितलो मी, ती पोरगी बघ, आणि तू मला बोलतीस. माझ्या मुलीनं बोलणं सोडलंय माझ्याशी. तिला वाटतं, बापानं माणूस मारायला काढला. कंपनीच्या गेटवर पोरं तोंड फिरवतात. त्यातल्या निम्म्यांना काम मी शिकवलंय!

शलाका : देवाप्पा, तिला अजून...

देवाप्पा : तुम्ही मध्ये पडू नका मॅडम. तुम्ही आत्ता माझ्याजवळ बसला होता. मी देवमाणूस म्हणालो हिला, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

शलाका : होतं.

देवाप्पा : तुम्ही पण ऐकून घेतलंत.

शलाका : हो. तिनेच सांगायला हवं, असं वाटलं मला. चुकलं असेल. आणि यात मीही आहे. मी वर्गात त्या रसाचं कौतुक केलं, त्याचा धोका सांगितला नाही. तुमच्या साहेबांशी मी स्वतः बोलते.

देवाप्पा : शिकलेली माणसं लगेच वाटून घेतात. मी एकट्यानं धरलं होतं हे.

शिवलीला : डॉक्टर कंपनीला आजच कळवतो म्हणालेत, मामा. मी पण येतो चौकशीला. सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या घरी येतो, तुमच्या मुलीला सांगतो. तुम्ही म्हणाल तिथं येतो.

देवाप्पा : घरी आत्ताच नको येऊ. मला काय बोलायचं ते सुचत नाही अजून.

शिवलीला : बरं.

देवाप्पा : नागराज बरा होणार ना पण? ते आधी सांगायचं सोडून हे काय सांगत बसलीस?

शिवलीला : डॉक्टर म्हणाले, रसामुळं असेल तर किडनी बहुतेक पूर्ववत होते. लघवी यायला लागलीय थोडी. आणखी काही दिवस डायलिसिस करून बघू म्हणाले. नक्की असं नाही बोलले, पण पहिल्यांदाच हसून बोलले. त्याआधी मला खूप रागावले.

देवाप्पा : रागावू देत. बरा होतोय ना.

शलाका : नागराजला सांगितलंस?

शिवलीला : डॉक्टर मला आत त्याच्याकडं घेऊन गेले, त्यांच्यासमोरच सांगितलं. अण्णानं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही. मग तसाच पाठ करून म्हणाला, देवाप्पाला सांगितलंस का?

देवाप्पा : माझं नाव घेतलं त्यानं?

शिवलीला : आणि म्हणाला, मी सांगत होतो, प्यायलो नाही म्हणून. त्या म्हाताऱ्यानं पण माझं खरं मानलं नाही.

देवाप्पा : मला म्हातारा म्हणाला?

शिवलीला : होय.

देवाप्पा : खरंच नाही मानलं मी. दोस्त सांगतोय, प्यायलो नाही, आणि मी साहेबाचं खरं धरलो. दहा वेळा सांगितलं असेल त्यानं. मला वाटलं, दया करतोय.

शलाका : तुमच्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं.

देवाप्पा : पण बाटली मी भरली होती मॅडम. हे मात्र खरं. चिठ्ठी लावली नव्हती. आज नागराज नाही प्यायला, उद्या कोणी तहानलेलं पोरगं प्यायलं असतं. चौकशीत मी म्हणालो मान्य आहे, ते काही सगळंच खोटं नव्हतं. ते मी मागं घेणार नाही. एवढंच सांगीन, माणूस माझ्या हातनं मरत नव्हता.

शिवलीला : मामा, मला काहीतरी बोला. शिव्या द्या.

देवाप्पा : देणार होतो. आत्ता नाही सुचत. पोरी, तुझं वय काय? माझ्या मुलीएवढीच तू. तिनं असं काही केलं असतं, तर तिनं पण तोंड उघडलं नसतं, मला माहितीय. त्यानं राग जात नाही पण.

शिवलीला : जाऊ नये.

देवाप्पा : वॉर्डात आणला काय त्याला?

शिवलीला : आणला. भेटायची वेळ संपत आलीय. एकाच माणसाला सोडतात आत.

देवाप्पा : मग तू जा. तुझा भाऊ आहे.

शिवलीला : मी नको. तुम्ही जावा.

देवाप्पा : मी इतके दिवस आत पाऊल टाकलो नाही. काय बोलू जाऊन?

शिवलीला : तुम्ही काही बोलू नका. तो बोलेल. चपला बाहेर काढा, आणि डाव्या हाताला हात लावू नका, तिथं सुई आहे.

देवाप्पा : डाव्या. बरं.

शलाका : आत गेला तो माणूस. शर्ट नीट करून गेला बघ.

शिवलीला : तुम्ही निघा मॅडम. अंधार पडला की होसूर रोडला हलता येत नाही.

शलाका : जाईन. तू घरी चल, सोडते मी. किती दिवस नीट झोपली नाहीस. उद्या सकाळी त्यांच्या साहेबांकडे जाऊ दोघी.

शिवलीला : मामा बाहेर येऊस्तवर बसतो मी. त्यांना सुचेल तेव्हा त्यांना काय बोलायचंय, ते ऐकून घ्यायला पाहिजे मला.

शलाका : आणि काहीच न बोलता निघून गेले तर?

शिवलीला : तर तसं जाताना बघतो.